राजा, पक्ष, लष्कर, मतपेटी: राज्यकर्त्याला लोक का मानतात?

प्रश्न असा आला आहे: लोकशाहीत सरकारला राज्य करण्याचा अधिकार मतांतून मिळतो हे समजते; पण राजेशाही, लष्करी राजवट, एकपक्षीय राजवट, धर्मसत्ता यांना लोक का मानतात? निव्वळ भीतीपोटी? आणि ही मान्यता खरी की दिखाऊ, हे बाहेरून कसे ओळखायचे?

राज्यशास्त्र शिकवणाऱ्याला हा प्रश्न दरवर्षी भेटतो, आणि उत्तरपत्रिकांतला साचाही ठरलेला असतो. राजेशाहीत परंपरा, हुकूमशाहीत नेत्याचा करिष्मा, लोकशाहीत कायदा. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरने सांगितलेले अधिसत्तेचे तीन प्रकार तीन व्यवस्थांना चिकटवले की उत्तर संपले. वेबरने स्वतः असे केले नव्हते; त्याचे प्रकार हे विचारासाठी केलेले शुद्ध नमुने होते आणि प्रत्यक्षात त्यांची सरमिसळ असते हे तो जाणून होता. मला विचाराल तर व्यवस्थेच्या नावापेक्षा तिचा दावा पाहावा. ‘आम्हीच राज्य का करायचे?’ याला राजवट स्वतः काय उत्तर देते? तिची अधिमान्यता, म्हणजे राज्य करण्याचा तिचा हक्क लोकांना मनातून मान्य असणे, त्या उत्तरात असते, आणि ती घसरते तेव्हाही बहुधा तिथेच घसरते.

आधी भीतीचा निकाल लावू. बंदुकीच्या धाकावर लाखो लोकांना गप्प बसवता येते. पण ज्याच्या हातात बंदूक आहे त्या शिपायाला कोण धाकात ठेवतो? त्याचा अधिकारी. आणि त्या अधिकाऱ्याला? ही उतरंड चढत गेलो की कुठे तरी असा माणूस भेटतोच, जो हुकूम पाळतो तो हुकूम देणाऱ्याला तसा अधिकार आहे असे त्याला वाटते म्हणून. त्यामुळे राजवटीला सर्वांत आधी पटवावे लागते ते आपल्याच माणसांना: फौजदार, कारकून, न्यायाधीश, वसुली अधिकारी. सामान्य जनतेचा क्रम त्यानंतर.

पूर्व जर्मनीत हे उघड्यावर दिसले. ७ मे १९८९ रोजी तिथे स्थानिक निवडणुका झाल्या आणि सरकारने नेहमीप्रमाणे ९८.८५ टक्के मते अधिकृत यादीला मिळाल्याचे जाहीर केले. त्या वेळी मात्र काही नागरिक मतदान केंद्रांवर मोजणीच्या वेळी वह्या घेऊन उभे राहिले होते. केंद्रांवर ऐकलेले विरोधी मतांचे आकडे आणि जाहीर झालेले आकडे जुळेनात. निवडणूक खोटी आहे हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक होते. आता ते बेरजेने सिद्ध झाले. सप्टेंबरपासून लाइपझिगला दर सोमवारी मोर्चे निघू लागले. ९ ऑक्टोबरला सुमारे सत्तर हजार लोक रस्त्यावर आले. पोलीस, लष्कर, कारखान्यांची सशस्त्र पथके सज्ज होती. घोषणा एकच होती: आम्हीच जनता आहोत. त्या देशात पोलीस दलाचे नाव ‘जनतेचे पोलीस’ होते, सैन्याचे नाव ‘जनतेचे सैन्य’ होते. समोरून सत्तर हजार लोक ‘जनता आम्ही आहोत’ म्हणत येत असताना गोळी झाडायची कोणाच्या नावाने? बर्लिनहून स्पष्ट हुकूम आला नाही, स्थानिक अधिकाऱ्यांनी माघार घेतली, आणि महिन्याभरात भिंत पडली. दारूगोळा कमी पडला म्हणून ती राजवट गेली नाही.

आता उलट बाजू. हातात पूर्ण सत्ता आहे, आव्हान देणारा कोणी उरलेला नाही, तरी सत्ताधारी मान्यतेसाठी दुसऱ्याच्या दारात जातो, असे इतिहासात पुन्हा पुन्हा घडले आहे. इसवी सन ७५१ मध्ये आजच्या फ्रान्स-जर्मनीच्या भागातल्या फ्रँक लोकांचा खरा कारभारी पेपिन होता. राजा होता तिसरा शिल्डेरिक, नावापुरता. सैन्य, खजिना, नेमणुका सगळे पेपिनच्या हातात. तरी त्याने पोपकडे दूत पाठवून विचारले: ज्याच्याकडे सत्ता नाही त्याने राजा म्हणवून घ्यावे हे योग्य आहे का? पोप झाकारियासने हवे ते उत्तर दिले. मग शिल्डेरिकचे लांब केस कापून त्याला मठात धाडले. ते केस त्या घराण्याच्या राजेपणाची खूण होते, म्हणून कापायचे तेच. आणि पेपिनला नव्या खुणेची गरज पडली: पवित्र तेलाचा अभिषेक. रक्ताच्या वारशाला उत्तर म्हणून धर्माची मोहोर.

मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको. १६७४ पर्यंत शिवाजी महाराजांकडे किल्ले, आरमार, फौज, महसुलाची घडी सारे होते. तरीही दिल्लीच्या आणि विजापूरच्या लेखी ते बंडखोर जमीनदारच होते आणि आदिलशाहीत वतने राखून असलेली कित्येक मराठा घराणी त्यांना आपल्या बरोबरीचा एक सरदार समजत होती. ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकाने फौजेत एका शिपायाची भर पडली नाही. बदलला तो हुकमाचा दर्जा. त्यानंतर त्यांनी दिलेली सनद राजाची सनद झाली, त्यांच्यासाठी लढणारा माणूस कोणाचा बंडखोर राहिला नाही, आणि नवा शक, नवी नाणी, अष्टप्रधान या सगळ्याला एक आधार मिळाला. गागाभट्टांना पाचारण करणे, आधी मुंज करून घेणे, या विधींकडे कोणी निव्वळ कर्मकांड म्हणून पाहत असेल तर त्याला त्या काळचे राजकारण कळलेले नाही. ज्या भाषेत त्या समाजाला राजेपण पटत होते, त्याच भाषेत ते मांडावे लागले.

ईस्ट इंडिया कंपनीचा नमुना याहून बोलका आहे. १७६५ मध्ये बंगालची दिवाणी कंपनीने बादशहाच्या फर्मानाने घेतली, कारण लढाईत जिंकलेल्या मुलखात वसुली करायलासुद्धा कुणाची तरी सनद लागत होती. १८३५ पर्यंत कंपनीच्या रुपयावर मोगल बादशहाचे नाव राहिले. दिल्ली १८०३ मध्येच इंग्रजांच्या ताब्यात गेली होती. बादशहा पेन्शनर होता. तरी १८५७ च्या मे महिन्यात मेरठहून निघालेले शिपाई थेट दिल्लीला गेले आणि ऐंशी ओलांडलेल्या, फौज नसलेल्या बहादूरशहाला त्यांनी पुढे केले. पन्नास वर्षे सत्ता एकीकडे होती आणि मान्यतेचा अवशेष दुसरीकडे. तो अवशेष किती जिवंत आहे हे कंपनीला बंड झाल्यावर कळले.

परंपरेवर चालणाऱ्या राजेशाहीचा दावा सोपा असतो: पूर्वापार असेच चालत आले आहे. त्याची गंमत अशी की, तो एकदा उघडपणे वादात सापडला की पूर्वीसारखा राहत नाही. ‘का?’ असे कोणी विचारत नाही तोवरच परंपरा ही परंपरा असते. त्यानंतर राजाला दुसरे कारण द्यावे लागते. काहींनी ते शहाणपणाने आधीच शोधले. १९०५ मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला आणि डेन्मार्कच्या राजपुत्र कार्लला राजा होण्याचे निमंत्रण गेले. त्याने अट घातली: आधी लोकांना विचारा. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात सार्वमत झाले, सुमारे ७९ टक्के लोकांनी कौल दिला, मगच तो सातवा हाकोन म्हणून गादीवर बसला. वंशाने मिळणारे पद मताने घेतलेला हा राजा १९४० मध्ये जर्मनांनी नाझीधार्जिण्या क्विसलिंगला पंतप्रधान नेमायचा हट्ट धरला तेव्हा ठाम राहिला. ही नेमणूक मी करणार नाही, सरकारला करायचीच असेल तर मी पद सोडतो, असे त्याने मंत्र्यांना सांगितले. सरकार त्याच्या पाठीशी उभे राहिले. आज युरोपात टिकलेल्या राजेशाह्या बहुतेक याच मार्गाने टिकल्या आहेत: सत्ता सोडली, मान ठेवला.

धर्मावर आधारलेल्या राजवटीचे दुखणे वेगळे. तिथे दावा ईश्वराचा असतो, पण त्याचा अर्थ सांगणारी माणसे असतात आणि ती राजाच्या आज्ञेत असतीलच असे नाही. सौदी अरेबियात १७४४ पासून राजघराणे आणि वहाबी धर्मगुरू यांच्यात एक बोली आहे: तलवार तुमची, फतवा आमचा. २० नोव्हेंबर १९७९ रोजी काही शे सशस्त्र माणसांनी मक्केची मोठी मशीद ताब्यात घेतली आणि राजघराणे धर्मभ्रष्ट झाले असल्याचे जाहीर केले. हल्लेखोर कम्युनिस्ट असते तर सोपे होते. हे तर राजाचीच भाषा राजापेक्षा मोठ्याने बोलत होते. मशिदीच्या आवारात शस्त्र चालवायला राजाला उलेमांकडून, म्हणजे धर्मपंडितांकडून, फतवा घ्यावा लागला. तो मिळाला, दोन आठवड्यांनी मशीद मोकळी झाली, पण त्यानंतर समाजजीवनावरचे धार्मिक निर्बंध कित्येक वर्षे कडक होत गेले. १९८६ मध्ये राजा फहदने ‘दोन पवित्र मशिदींचा सेवक’ ही उपाधी अधिकृतपणे घेतली. या उपाधीत खनिज तेलाचा उल्लेख नाही, पण दुसरा खांब त्या तेलाच्या पैशाचाच आहे: प्राप्तिकर न घेता सोयी पुरवणारे राज्य.

इराणच्या राज्यघटनेत तर दोन उगम शेजारी शेजारी ठेवले आहेत. राष्ट्राध्यक्ष आणि संसद मतांनी निवडली जातात. त्यांच्या वर सर्वोच्च नेता, ज्याचा अधिकार धर्मशास्त्राच्या ज्ञानातून येतो असे मानले जाते. उमेदवार कोणी व्हायचे हे बारा जणांचे पालक मंडळ ठरवते. आपल्याकडे पुष्कळ जण ‘मग निवडणूक घेतातच कशाला?’ असे विचारून विषय संपवतात. घेतात, कारण हा दावा अर्धा प्रजासत्ताकाचा आहे. मतदान करणे म्हणजे क्रांतीला पाठिंबा देणे, असे राज्यकर्त्यांनीच वर्षानुवर्षे सांगितले. म्हणून २०२१ मध्ये मतदान सुमारे ४९ टक्क्यांवर आणि २०२४ च्या पहिल्या फेरीत ४० टक्क्यांवर आले, तेव्हा घरी बसण्यालाच अर्थ आला. मोजपट्टी त्यांनीच लोकांच्या हातात दिली होती.

आता एकपक्षीय राजवटी. पोलंडमध्ये पक्ष कामगारांच्या नावाने राज्य करीत होता. १९८० च्या ऑगस्टमध्ये ग्दान्स्कच्या गोदीत संप झाला. त्या गोदीला लेनिनचे नाव होते. कामगारांनी एकवीस मागण्या लिहून काढल्या, त्यातली पहिली स्वतंत्र कामगार संघटनेची. ३१ ऑगस्टला सरकारला करारावर सही करावी लागली आणि ‘सॉलिडॅरिटी’ या नव्या संघटनेचे सदस्य वर्षभरात एक कोटीच्या घरात गेले. भांडवलदार रस्त्यावर आले असते, धर्मगुरू आले असते, तर पक्षाकडे उत्तर तयार होते. कामगारांच्या पक्षाकडे कामगारांसाठी उत्तर नव्हते. डिसेंबर १९८१ मध्ये लष्करी कायदा आला, संघटनेवर बंदी आली, आणि कारभार हाती घेणाऱ्या मंडळाच्या नावातून समाजवाद, कामगार असले शब्द गायब झाले; नाव होते राष्ट्ररक्षणाचे. दावा तेव्हाच बदलला होता. जून १९८९ मध्ये लढवायला मोकळ्या ठेवलेल्या जागांवर दोन फेऱ्यांत निवडणूक झाली, तेव्हा कनिष्ठ सभागृहातल्या त्या सर्व १६१ जागा आणि वरिष्ठ सभागृहाच्या १०० पैकी ९९ जागा सॉलिडॅरिटीकडे गेल्या.

विचारसरणीवरचा विश्वास आटला की अशा राजवटी बहुधा कामगिरीकडे वळतात: आम्ही रस्ते दिले, रोजगार दिला, शांतता दिली. चीनमध्ये या दाव्याची मुळे फार जुनी आहेत. इसवी सनापूर्वी अकराव्या शतकात चौ घराण्याने शांग घराणे उलथवले आणि सांगितले की, स्वर्गाने दिलेला अधिकार नालायक राजाकडून काढून घेतला जातो. पूर, दुष्काळ, उपासमार ही तो अधिकार गेल्याची लक्षणे मानली गेली. जुलमी राजाला मारणे हा राजवध होतो का, या प्रश्नावर प्राचीन चिनी तत्त्वज्ञ मेन्शियसने दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे: एका दुष्टाला मारल्याचे ऐकले आहे, राजाला मारल्याचे ऐकलेले नाही. १९७८ नंतर कम्युनिस्ट पक्षाने वर्गसंघर्षाची भाषा मागे ठेवून विकासाची धरली, तेव्हा तो नकळत याच जुन्या कसोटीच्या जवळ गेला.

कामगिरीच्या दाव्यात मोठी ताकद आहे हे मान्य करून मी म्हणेन की, तो सगळ्यांत खर्चिक दावा आहे. काल दिलेले आज हक्काचे होते, आणि उद्या देता आले नाही तर हाताशी दुसरे काही नसते. डेव्हिड ईस्टन या राज्यशास्त्रज्ञाने सरकारच्या विशिष्ट कामाला मिळणारा पाठिंबा आणि व्यवस्थेलाच मिळणारा पाठिंबा यांत फरक केला. दुसरा पाठिंबा ही गंगाजळी असते. वाईट दिवसांत त्यातून खर्च करता येतो. ज्यांनी ती कधी साठवलीच नाही त्यांचे काय होते, हे १९९७-९८ च्या आशियाई संकटात दिसले.

इंडोनेशियाच्या सुहार्तोने तीस वर्षांहून अधिक काळ राज्य केले. त्याची उपाधी होती विकासाचा पिता. संकट आले आणि डॉलरला सुमारे २,४०० रुपिया हा भाव काही महिन्यांत दहा हजारांच्या पलीकडे गेला. मार्च १९९८ मध्ये त्याच्या हुकमतीतल्या सभेने त्याला सातव्यांदा राष्ट्राध्यक्ष निवडले; २१ मे रोजी त्याने राजीनामा दिला. पिता म्हणवणाऱ्याने घर चालवायचे असते, ते चालेना, विषय संपला. त्याच संकटात दक्षिण कोरिया आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात गेला. तिथली लोकशाही जेमतेम दहा वर्षांची होती. नाणेनिधीशी करार झाल्यावर दोन आठवड्यांनी, १८ डिसेंबर १९९७ रोजी, निवडणूक झाली. लोकांनी सत्ताधाऱ्यांना घालवले आणि जुन्या लष्करी राजवटीत देहान्ताची शिक्षा ऐकलेले किम दे-जुंग निवडून आले. नव्या वर्षात लाखो कुटुंबांनी परकीय कर्ज फेडण्यासाठी घरातले सोने बाहेर काढले. दोनशे टनांहून अधिक जमले. दोन्ही देशांत लोक संतापलेलेच होते. कोरियात तो राग काढायला सरकार होते, इंडोनेशियात सरकार आणि व्यवस्था यांच्यामध्ये फटच नव्हती.

यावरून लोकशाहीबद्दलची एक गोष्ट कळते, जी ‘मतांतून अधिकार’ या सूत्रात हरवते. जिंकणाऱ्याला निवडणूक खरी वाटणारच. त्याचे मत विचारण्यात अर्थ नाही. लोकशाहीतली अधिमान्यता हरणारा देतो. २००० साली अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात ५३७ मतांचा फरक राहिला आणि सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार असा निकाल देऊन फेरमोजणी थांबवली. त्यामुळे हरलेले उमेदवार अल गोर यांना देशभरात जास्त मते होती. १३ डिसेंबरला त्यांनी जाहीर केले की, निकाल मला मुळीच मान्य नाही, तरी तो मी स्वीकारतो. पुढचा प्रसंग फार जणांना आठवत नाही. उपराष्ट्राध्यक्ष या नात्याने ६ जानेवारी २००१ च्या संसदेतल्या अधिकृत मतगणनेला तेच अध्यक्ष होते. त्यांच्याच पक्षाचे सदस्य एकामागून एक उठून हरकत घेत होते, आणि सिनेटरची सही नाही म्हणून गोर त्या हरकती फेटाळत होते. नंतर आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या विजयाची घोषणाही त्यांनीच केली. बरोबर वीस वर्षांनी, ६ जानेवारी २०२१ ला, त्याच इमारतीत त्याच कामाच्या वेळी हरलेल्या ट्रम्प यांचे समर्थक घुसले, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले. दोन्ही वेळा राज्यघटना तीच होती.

हरणाऱ्याने का मानावे? एक म्हणजे पुढच्या वेळी जिंकण्याची आशा असते. दुसरे म्हणजे पंच दोघांनी आधी मान्य केलेला असतो. पंच दोन झाले की मते कितीही मोजा, उपयोग नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या कोत दिव्वारमध्ये २०१० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या दुसऱ्या फेरीनंतर निवडणूक आयोगाने वातारा यांना विजयी ठरवले. घटना परिषदेने उत्तरेतल्या काही भागांतली मते रद्द करून बाग्बो यांना. ४ डिसेंबरला दोघांनीही राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. पुढच्या चार-पाच महिन्यांत सुमारे तीन हजार माणसे मेली. म्हणून निवडणूक आयोगाच्या नेमणुका, मतदारयाद्या, मोजणीची पद्धत या कंटाळवाण्या वाटणाऱ्या विषयांवर भांडणाऱ्यांना मी कधी हसत नाही. अधिमान्यता तिथे तयार होते. प्रचारसभेत ती फक्त वापरली जाते.

लष्करी राजवटींवर फार शब्द खर्च करण्यासारखे नाही, कारण त्यांचा स्वतःचा दावाच नसतो. त्या उसना घेतात. आम्ही तात्पुरते आहोत, भ्रष्टाचार निपटला की बराकीत जाऊ, निवडणूक घेऊ, असे प्रत्येक सेनापती पहिल्या भाषणात सांगतो. लोकशाहीला याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणी दिलेले नाही. या उसनवारीत न्यायालयांचा उपयोग कसा होतो हे मात्र पाकिस्तानात बघण्यासारखे आहे. ७ ऑक्टोबर १९५८ रोजी राष्ट्राध्यक्ष इस्कंदर मिर्झा यांनी राज्यघटना रद्द करून मार्शल लॉ लावला. २७ ऑक्टोबरला दोस्सो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, यशस्वी झालेली क्रांती स्वतःच कायदा निर्माण करते. त्याच रात्री लष्करप्रमुख अयूब खान यांनी मिर्झांना हटवले. न्यायालयाच्या तर्काने तेही कायदेशीरच ठरले. १९७२ मध्ये अस्मा जिलानी खटल्यात हा सिद्धान्त फिरवला गेला आणि अयूब यांच्यानंतरचे लष्करशहा याह्या खान यांना सत्ता बळकावणारा म्हटले गेले. तोवर याह्या पायउतार झाले होते. पुढे लष्करशहा झिया-उल-हक यांनी १९८४ मध्ये सार्वमत घेतले. प्रश्न साधारण असा होता: कायदे इस्लामशी सुसंगत करण्याच्या प्रक्रियेला तुमचा पाठिंबा आहे का? ‘हो’ म्हणजे झिया पाच वर्षे राष्ट्राध्यक्ष. अशा प्रश्नाला ‘नाही’ कोण म्हणणार? आकडा ९८ टक्क्यांच्या वर लागला, पण तो झिया यांच्याबद्दल काहीही सांगत नव्हता.

बाहेरच्या जगाने दिलेली मान्यता हा आणखी एक उगम मानला जातो. त्याचे वजन मी कमी धरतो. सोमालियातून फुटून निघालेल्या सोमालीलँडने १९९१ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केले आणि पुढची तीन दशके कोणत्याही देशाने त्याला मान्यता दिली नाही. तिथे टोळ्यांच्या वडीलधाऱ्यांनी महिनोन्‌महिने बसून समझोते केले, त्यांचेच सभागृह घटनेत आणले आणि मग निवडणुका सुरू केल्या. २००३ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक पहिल्या निकालात अवघ्या ८० मतांनी ठरली. हरलेला पक्ष न्यायालयात गेला, तिथेही हरला आणि अखेर थांबला. याउलट अफगाण प्रजासत्ताकाला जगाची मान्यता होती, पैसा होता, कागदावर तीन लाखांच्या आसपास फौज आणि पोलीस होते. २०१४ च्या निवडणुकीचा वाद अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी येऊन मिटवला. २०१९ चा वाद तर इतका चिघळला की मार्च २०२० मध्ये काबूलमध्ये एकाच दिवशी दोन शपथविधी झाले. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडले तेव्हा त्या फौजेतल्या बऱ्याच जणांनी शस्त्रे खाली ठेवली होती. ज्यांच्या मध्यस्थीवर सरकार उभे होते ते अमेरिकी विमानात बसून निघाले होते.

शेवटचा भाग: खरी की दिखाऊ हे ओळखायचे कसे? जनमत चाचण्यांवर, निदान बंद राजवटींत, भिस्त ठेवू नये. तिथे माणूस काय मानतो यापेक्षा शेजारी काय मानत असेल याचा अंदाज घेऊन बोलतो. नोव्हेंबर १९८९ मध्ये रुमानियाच्या पक्ष अधिवेशनाने हुकूमशहा चाउशेस्कूला एकमताने पुन्हा निवडले. २१ डिसेंबरला त्याने बुखारेस्टमध्ये सभा बोलावली, थेट प्रक्षेपण चालू होते, आणि गर्दीतून हुर्यो सुरू झाली. क्षणभर तो हात वर करून थांबला. आपल्याला वाटते ते शेजाऱ्यालाही वाटते, हे लाखो लोकांना त्याच क्षणी कळले. दुसऱ्या दिवशी तो हेलिकॉप्टरने पळाला आणि २५ डिसेंबरला त्याला गोळ्या घातल्या गेल्या. महिन्याभरापूर्वीचे एकमत आणि हा शेवट यांच्यामध्ये लोकांची मते बदलली नव्हती.

त्यापेक्षा राजवट अडचणीत आली की तिच्यासाठी पदरमोड करून कोण पुढे येते ते पाहावे. २३ फेब्रुवारी १९८१ रोजी स्पेनमध्ये बंडखोर अधिकारी संसदेत घुसले. राजा हुआन कार्लोस यांनी मध्यरात्रीनंतर गणवेशात टीव्हीवर येऊन बंड अमान्य केले आणि ते फसले. चार दिवसांनी माद्रिदमध्ये लोकशाहीच्या बाजूने प्रचंड मोर्चा निघाला. लोकांना कोणी आणले नव्हते, आणि त्या लोकशाहीचे वय चार वर्षांचे नव्हते. दहा वर्षांनी सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षावर बंदी आली. त्या वर्षाच्या मध्याला त्याचे दीड कोटीच्या आसपास सदस्य होते. रस्त्यावर जवळपास कोणी उतरले नाही.